हेड उतरवून भागवायचं की इंजिन पूर्ण खोलायचं?

सोलापुरात विजापूर रोडला राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांकडे एमजीए 1500 ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार आहे. अकरा वर्षं शेडमध्ये चादरीखाली उभी होती. इंजिन जाम नाही, हँडल घातलं की फिरतं. परवा त्यांनी विचारलं, "हेड तेवढं उतरवून व्हॉल्व्हचं काम करून घेऊ, की इंजिन खाली घेऊन सगळंच खोलू?" (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण.) माझ्याकडच्या एमजीएवर मी ही दोन्ही कामं केली आहेत, आणि ती उलट्या क्रमानं केली असती तर बरंच काही वाचलं असतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक दिलासा. एमजीए 1955 ते 1962 या काळात इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनला बनली. तिचं 1489 सीसीचं इंजिन म्हणजे बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीचं बी-सिरीज, आणि आपल्या जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरचं इंजिनही त्याच घराण्यातलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) 73.025 मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) 88.9 मिमी, दोन्हीकडे सारखेच. त्यामुळे ज्या मिस्त्रीचा हात सरकारी कचेऱ्यांच्या अ‍ॅम्बेसेडरवर बसला, त्याला हे इंजिन परकं वाटत नाही. फरक आहे तो दोन एसयू कार्बोरेटरचा आणि कॉम्प्रेशनचा. एमजीएचं कॉम्प्रेशन 8.3 (मिश्रण इतक्या पट दाबलं जातं), अ‍ॅम्बेसेडरचं त्याहून कमी. म्हणून तिकडचा पिस्टन 'बसतोय ना' एवढ्यावर उचलू नका, पिस्टनचा माथा जुन्याशी जुळवून बघा.

हेड उतरवायचं काम सुटसुटीत आहे. इंजिन गाडीतच राहतं आणि शनिवार-रविवारात उरकतं. नट एकदम सोडायचे नाहीत. बाहेरून आत येत, थोडे थोडे करत सगळे सैल करायचे, नाहीतर हेड वाकतं. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमानं खोचून ठेवायचे. हेड हातात आलं की बरंच कळतं. व्हॉल्व्ह जळालेत का, त्यांची दांडी सरकते ते गाइड सैल आहेत का, व्हॉल्व्ह टेकतात त्या दोन सीटांमधल्या अरुंद पट्टीत तडा आहे का, सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) लावल्यावर हेडचा फेस सपाट भरतो का. बोअरच्या वरच्या कडेला नख फिरवलं तर झिजेची पायरीही लागते.

पण हेड काढून इंजिनाचा वरचा मजलाच दिसतो. माझ्या गाडीचे व्हॉल्व्ह लॅप केले (पेस्ट लावून सीटवर घासून घट्ट बसवले), नवी गॅस्केट टाकली, आणि इंजिन इतकं छान ओढायला लागलं की मी निर्धास्त झालो. व्हॉल्व्ह घट्ट बसले की दाब वाढतो आणि तो सगळा भार खालच्या जुन्या रिंगांवर आणि बेअरिंगवर येतो, हा विचार तेव्हा केला नाही. आठशे किलोमीटरच्या आत, अक्कलकोटहून परत येताना, मे महिन्याच्या उन्हात ऑइल प्रेशरचा काटा खाली आला आणि इंजिनाच्या पोटातून टकटक ऐकू आली. गाडी ओढून आणावी लागली.

मग पूर्ण खोललं. ऑइल चेंबरच्या तळाला बोटभर काळा थर होता, आणि वर चांगलं नवं ऑइल. तिसऱ्या सिलिंडरच्या बिग एंडची (कनेक्टिंग रॉड क्रँकला धरतो तिथली) बेअरिंगची शेल काढली तर वरचा राखाडी थर निघून गेलेला, खालचं तांबं घासलेल्या हंड्यासारखं चमकत होतं. क्रँकच्या जर्नलवर (शेल बसते त्या गोल भागावर) नख अडकत होतं. क्रँकमधलं ऑइलचं भोक त्याच काळ्या लगद्यानं निम्मं बुजलेलं. बोअर डायल गेजनं मोजला, वरच्या टोकाला 73.20 मिमी भरला, तळाला जवळपास मूळ माप. झीज क्रँकच्या आडव्या दिशेला जास्त होती, पिस्टन त्या बाजूला रेटला जातो म्हणून. बोअरची झीज सोडली तर यातलं एकही हेड काढून कळलं नसतं. शेवटी सिलिंडर 0.020 इंच मोठे करून घेणं (रिबोअर) आणि क्रँक ग्राइंडिंग, दोन्ही करावं लागलं.

पूर्ण खोलण्याच्या बाजूनं सोलापूरपुरतं आणखी एक कारण आहे, पाणी. इथली हवा कोरडी, त्यामुळे उभ्या गाडीचे बोअर मुंबईसारखे गंजत नाहीत. पण बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलेलं असतं. ब्लॉकचे कोअर प्लग (पाण्याच्या पोकळीची बुचं) ठोकून काढले तेव्हा मागच्या, चौथ्या सिलिंडरभोवती पांढरा क्षार आणि गंज दगडासारखा बसलेला होता. तो स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढावा लागला. आपल्या उन्हाळ्यात असं इंजिन तापणारच, हेड कितीही फेस करून (घासून सपाट करून) आणा.

पूर्ण कामाचा खर्च कितीतरी पट असतो आणि वेळ महिन्यांत मोजावा लागतो. रिबोअर, क्रँक ग्राइंडिंग ही कामं ट्रॅक्टरमुळे इथं रोजचीच आहेत, त्यासाठी पुणं गाठायची गरज नाही. क्रँकचं बॅलन्सिंग करायचं असेल तरच तिकडे जा. माप मात्र स्वतः घ्या, आणि बेअरिंग कॅपवर नंबर पंच केल्याशिवाय काही बाहेर देऊ नका. एका ठिकाणाहून माझ्या दोन कॅपची अदलाबदल होऊन आली होती, पंचमुळे लगेच ध्यानात आलं.

मग ठरवायचं कसं? पाना लावण्याआधी इंजिन गरम करून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (दाब) गेजनं घ्या. एखादा सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. वाढलं तर रिंगा-बोअर गेलेत, तसंच राहिलं तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा. दोष फक्त व्हॉल्व्हचा, गरम इंजिनावर पळताना ऑइल प्रेशर 50 पीएसआयच्या आसपास टिकतंय, आणि गाडी मधली वर्षं चालती होती, असं असेल तर हेडवर खुशाल थांबा. गाडी वर्षानुवर्षं उभी असेल, किंवा आधी कुणी काय केलंय ते माहीत नसेल, तर मी नुसत्या हेडवर थांबणार नाही.

स्नेह्यांची गाडी दुसऱ्या प्रकारातली. तरी लगेच इंजिन खाली घ्या असं त्यांना सांगितलेलं नाही. एमजीएचं ऑइल चेंबर इंजिन जागेवर ठेवूनही उतरवता येतं. येत्या रविवारी गाडी ठोकळ्यांवर घेऊन तेवढंच काढणार आहोत. तळाचा थर बघायचा, आणि तिसऱ्या सिलिंडरची एक शेल उघडायची. राखाडी दिसली तर त्यांनी हेडचं काम करावं. तांबं दिसलं तर त्याच दिवशी चेन-पुली लावून इंजिन बाहेर घेऊ.