सिरोसिसचा रुग्ण दाखल असताना: हॉस्पिटलचं ताट की घरचा डबा?

बाबा सिरोसिसमुळे (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाण्याचा आजार) इंदुरात दाखल होते तेव्हा आम्ही दोन्ही करून पाहिलं. मिठाच्या बाबतीत ताट सरस, यात वाद नाही. पोटात पाणी साठलं असेल तर दिवसाचं मीठ सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. आपल्याकडे पोह्यांवर सेव भुरभुरल्याशिवाय हात थांबत नाही, तिथे हा हिशेब घरी सांभाळणं कठीणच. त्यात कुणीतरी काळजीनं लो-सोडियम मीठ आणून देतं. त्यात पोटॅशियम असतं. पोटातलं पाणी उतरवायला देतात ती स्पायरोनोलॅक्टोनची गोळीही पोटॅशियम वाढवते, ती चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

प्रथिनांत माझं मत डब्याकडे झुकतं. गरज किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम, तीही पोटातलं पाणी वजा करून धरलेल्या वजनावर. ताटातली पातळ डाळ बाबा अर्धी ठेवून द्यायचे. घरची मुगाची धिरडी, दही, पनीर मात्र संपायचं. भेटायला येणारे ‘डाळ बंद करा, डोक्यावर परिणाम होतो’ म्हणतात. तो सल्ला जुना झाला. डाळी आणि दुधातली प्रथिनं अशा रुग्णांना चांगली सोसतात.

पण माझा निर्णय झाला तो रात्रीमुळे. संध्याकाळी सातला ताट यायचं, बाबांचं अजून चाललेलं असतानाच मावशी ते उचलायला हजर, आणि पुढचं खाणं थेट सकाळी साडेआठला. मध्ये काही मागितलं की ‘किचन बंद हो गया’. वर सोनोग्राफीसाठी ‘उपाशी ठेवा’ आणि नंबर लागायला दुपार. अशा लिव्हरमध्ये साखरेचा साठा जेमतेम असतो. निरोगी शरीराची जी गत दोन-तीन दिवसांच्या उपासानं होते, ती इथे एका रात्रीत होते आणि शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं. म्हणून झोपण्याआधी साधारण 50 ग्रॅम कार्बोदकं पोटात जायला हवीत. आम्ही दुधातली थूली (गव्हाचा दलिया) आणि एक केळं द्यायचो. सकाळी बाबा जरा तरतरीत वाटायचे. मोजमाप म्हणाल तर एवढंच.

तुमच्या हॉस्पिटलात रात्री काही देत असतील, तर ताट वाईट नाही. दोन्ही वेळा डबा पोचवणं जमत नसेल तर दिवसा ताटच घ्या, रात्रीचं खाणं तेवढं घरून न्या. डाएटिशियनच्या कानावर घालून न्या. शुगर वाढलेली असेल तर ती केळ्याऐवजी दुसरं काही सुचवेल.