५२ पैकी ५१ : बाळाच्या नोंदींचं ॲप, दोन वर्षं वापरून

परवा एसएमएस आला, तीन दिवसांनी खात्यातून २,४९९ रुपये कापले जाणार. पहिल्या वर्षी १,७९९ होते, दुसऱ्या वर्षीही तेवढेच. यंदा सातशेची वाढ परस्पर, कारण ऑटोपे लावताना मर्यादा ५,००० ठेवलेली होती आणि मी तेव्हा दोन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन पिन टाकत होते. मर्यादेच्या आत कितीही वाढवा, परत विचारायची गरज नाही. हे तुम्ही लावायच्या आधी वाचा. पैसे कापण्याआधी किमान २४ तास कळवणं त्यांना बंधनकारक आहे, म्हणून तो एसएमएस तरी आला. ॲपमध्ये रद्द करायचं बटण शोधत बसू नका. ज्या यूपीआय ॲपवरून ऑटोपे लावलं, तिथेच जाऊन बंद करा. मला दीड मिनिट लागलं.

ॲपचं नाव लिहीत नाही. अशी चार-पाच आहेत आणि सगळ्यांचं घराणं एकच: फोटो, वाढीचा आलेख, 'पहिल्यांदा केलं' अशा चौकटी, घरच्यांना जोडायची सोय. त्यामुळे काय काय मिळतं ते सांगत बसत नाही. मी सांगणार आहे रांगण्याबद्दल.

आमची चिऊ रांगली नाही. नऊ नोव्हेंबर २०२३ चा जन्म, वसुबारसेचा. पालथी वेळेवर पडली, बसली वेळेवर. मग एक दिवस बसल्या बसल्या एक पाय दुमडून, एक हात टेकून बुडावरच सरकायला लागली. आणि वेग म्हणाल तर मी बादली ठेवून वळेपर्यंत ही बाथरूमच्या दारात. हात-गुडघे टेकायची तिला गरजच पडली नाही.

ॲपमध्ये पहिल्या दोन वर्षांच्या ५२ चौकटी आहेत. केलं की हिरवी, नाही केलं तर करडी. 'पहिला बर्फ' आणि 'पहिला भोपळा' अशाही आहेत. चिंचवडमध्ये बर्फ फक्त फ्रीजरमध्ये पडतो, तेव्हा नवऱ्याने चिऊच्या हातात बर्फाचा खडा देऊन फोटो टाकला आणि ती चौकट हिरवी झाली. भोपळ्याचीही झाली, घारग्यांच्या दिवशी. तसल्या चौकटी नको असतील तर दाबून धरून लपवताही येतात. पण रांगणं पडलं 'विकासाचा टप्पा', म्हणून ते लपवता येत नाही. 'लागू नाही' असा पर्यायही नाही. केलं किंवा अजून नाही केलं, एवढंच.

बरं, करडी चौकट करडी राहिली तर राहू दे, मी दुर्लक्ष केलं असतं. पण दर रविवारी सकाळी नऊला नोटिफिकेशन: 'चिऊने अजून रांगायला सुरुवात केली नाही का?' आणि हे फक्त मला येत नाही, घरचे म्हणून ज्यांना ज्यांना जोडलंय त्या सगळ्यांना येतं. म्हणजे कराडला सासूबाईंनाही. नऊ वाजून पाच मिनिटांनी फोन.

"अगं, आज परत आलाय मेसेज. तुम्ही तिला खाली सोडता का नाही?"

"सोडतो आई. ती सरकते."

"सरकणं वेगळं. मोबाइलवाले उगाच विचारतील का?"

मोबाइलवाल्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मग तेलाची मालीश वाढवा, पुढ्यात रिमोट ठेवा, शेजारच्या मुलीला तिच्यासमोर रांगायला लावा. ती बिचारी पाचवीतली मुलगी दोन रविवार आमच्या हॉलमध्ये रांगली. चिऊ टाळ्या वाजवत बसली होती.

मी शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तिला जमिनीवर ठेवलं, खुळखुळा आधी डावीकडे मग उजवीकडे धरला, उभं करून पायांवर भार देते का पाहिलं. म्हणाले, दोन्ही हात, दोन्ही पाय सारखे वापरते ना? आधी येत असलेलं काही करायचं थांबली नाही ना? मग सोडा. एकच बाजू वापरत असती किंवा आलेली गोष्ट गेली असती, तर मी काळजी केली असती. बुडावर सरकणारी मुलं चालायला जरा उशिरा लागतात, तेवढं मनात ठेवा.

घरी येऊन मी शोधाशोध केली, रागानेच. वाढीचा आलेख दाखवताना हे ॲप मोठ्या दिमाखात सांगतं की आलेख जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. खराच आहे, २००६ चा, सहा देशांतल्या मुलांची मापं घेऊन केलेला, त्यात भारतही आहे. सरकारी माता-बाल कार्डावर जो हिरवा-पिवळा-नारिंगी आलेख असतो तोही त्यावरूनच. तर त्याच अभ्यासात त्यांनी चालण्या-बसण्याचे सहा टप्पे पाहिले होते, आणि त्यांच्याच नोंदीप्रमाणे शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. आधाराशिवाय चालायला सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही लागू शकतात असं त्यातच आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने तर २०२२ मध्ये बाळाच्या टप्प्यांच्या आपल्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. म्हणजे आलेख घेतला, पण ज्या अभ्यासातून घेतला तो वाचला नाही.

हे सगळं मी कस्टमर केअरला लिहिलं. मोठा मेल, दोन परिच्छेद, मुद्देसूद. उत्तर आलं, 'प्रिय पालक, प्रत्येक बाळ वेगळे असते! रांगण्यास प्रोत्साहन देण्यासाठी पोटाची वेळ वाढवा.' ही पोटाची वेळ म्हणजे बाळाला पालथं ठेवणं, हे मला इंग्रजीत बदलून पाहिल्यावर कळलं. तोवर सासूबाई समजत होत्या की जेवणाच्या वेळा चुकतायत. अख्ख्या ॲपची मराठी अशीच आहे. दात आला तरी 'चिऊने मैलाचा दगड गाठला'.

दुसऱ्या मेलला तेच उत्तर. तिसऱ्याला बॉट. चौथ्यानंतर 'आपली तक्रार सोडवली गेली आहे, पाच तारे द्या'.

चिऊ चालली ३० मार्च २०२५ ला, गुढीपाडव्याला. सोळा महिने तीन आठवडे. गुढीच्या पाटाला धरून उभी होती, पाट सोडला आणि चार पावलं टाकून नवऱ्याच्या गुडघ्याला धडकली. चौकट हिरवी केली, कागदाचे रंगीत तुकडे उडाले पडद्यावर. आणि पुढच्या रविवारी नऊ वाजता: 'चिऊने अजून रांगायला सुरुवात केली नाही का?' अहो, चालतेय ती.

फोटोंचं सांगून टाकते, कारण तिथे चूक अर्धी माझीही होती. सासूबाई आणि नणंद व्हॉट्सॲपवर पाठवतात ते फोटो मी ॲपमध्ये टाकत गेले. व्हॉट्सॲप फोटोतली काढल्याची तारीख पुसतं. मग ॲप टाकल्याचीच तारीख धरतं. परिणाम असा की चिऊचा तिसरा दात पहिल्याच्या आधी आलाय. फाइलच्या नावात आलेल्या दिवसाची तारीख असते, तीही काढल्याची नव्हे. उपाय सोपा आहे, समोरच्याला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, तारीख टिकते. सोपा म्हणजे मला. सासूबाईंना शिकवायला तीन व्हिडिओ कॉल लागले, आणि आता त्या सुप्रभातचे गुलाबही डॉक्युमेंट म्हणून पाठवतात.

लसींचं पान उघडूही नका. त्यात गोवराची लस वर्षाची झाल्यावर दाखवतात. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाले की असतो. आमचं कार्ड कपाटात होतं आणि अंगणवाडीच्या ताईंचा फोन वेळेवर आला, म्हणून चुकलं नाही. लसीसाठी कार्डच बघा.

बारसं, उष्टावण, बोरनहाण यांना चौकटी नाहीत. 'स्वतःची चौकट' दहाच करता येतात. आठवी वापरल्यापासून मी कंजूष झालेय, दोन राखून ठेवल्यात.

गेल्या दिवाळीच्या आधी सांगलीला आईकडे साफसफाईला गेले होते. मसाल्याच्या डब्यांची फळी मोकळी केली तर खाली अंथरलेला कागद म्हणजे कालनिर्णयचं पान, फेब्रुवारी १९९३. हळदीने पिवळं झालेलं. चौकोनाचौकोनात आईचं अक्षर: 'दूध दीड', 'दूध एक', 'गॅस लावला', आणि अठरा तारखेच्या चौकोनात, 'दूध दीड. पोर बुडावर सरकते.' मी तेव्हा नऊ महिन्यांची.

आईला दाखवलं. "हो, तू कुठे रांगलीस?" म्हणाली. "तुझी परकर-झबली मागून झिजायची." हे तिला वर्षभर आठवलं नव्हतं. वर्षभर तीसुद्धा रविवारचे मेसेज वाचत होती. मी चिडले तर म्हणते, मला वाटलं हल्ली रांगावंच लागतं.

त्या पानाचा फोटो काढून मी सासूबाईंना पाठवला. डॉक्युमेंट म्हणून. त्यानंतर रविवारचा फोन बंद झाला. म्हणजे आता दहाला येतो आणि जेवणाचा विषय असतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की एक तारा देऊन मोकळी होणार. तसंच ठरवलं होतं. पण वर्गणी संपायच्या आधी सगळं उतरवून घ्यायला बसले (संपल्यावर नुसतं बघता येतं, उतरवता येत नाही, हेही बारीक अक्षरात आहे) आणि आवाजाच्या क्लिप्स ऐकत बसले. ही सोय मी कधी फारशी मोजलीच नव्हती. एक बटण दाबून धरायचं, एका मिनिटापर्यंत आवाज साठतो, बस. कणीक मळताना कोपराने दाबून केलेल्या आहेत कित्येक. १३७ निघाल्या.

त्यातली एक सतरा महिन्यांची. कुकरची शिट्टी होते, चिऊ म्हणते, "आंजून!" दुसरी शिट्टी, "आंजून!" तिसरी होते आणि मागून आईचा आवाज, "तिसरी झाली गं, गॅस बंद कर," आणि चिऊ ओरडते, "नाऽऽ, आंजून!" एवढीच. आता ती चक्क "शिट्टी झाली, आई" म्हणते. 'आंजून' कधी थांबलं ते आम्हा कुणालाच सांगता येईना. क्लिप्स लावून पाहिल्या तर ऑगस्टमध्ये आहे, सप्टेंबरच्या एकाही क्लिपमध्ये नाही. फोटो माझ्याकडे अकरा हजार आहेत, त्यातून हे कळलं नसतं. फोनच्या साध्या रेकॉर्डरवरही हे करता आलं असतं, फुकटात, हे मान्य. पण मी केलं नसतं, हेही तितकंच खरं. कोपराने दाबता येईल एवढं मोठं बटण होतं म्हणून झालं.

तर दोन तारे.

उतरवताना फोटो लहान करून देतात, पीडीएफवर त्यांचा शिक्का असतो. नको असेल तर छापील पुस्तक घ्या, ३,४०० अधिक पोस्टेज. नाही घेणार. आणि आवाजाच्या फाइली येतात त्या नुसत्या आकड्यांच्या नावांनी, तारीख नाही, काही नाही. दोन रात्री बसून मी चाळीसेक फाइली ऐकून, अंदाजाने नावं दिली, आणि इथे त्यांच्यासाठी एक खास परिच्छेद लिहून ठेवला होता.

तो परिच्छेद काढून टाकलाय. कारण आज दुपारी नवऱ्याने विचारलं, त्याच फोल्डरमधली ती एक्सेलची फाइल उघडलीस का? त्यात प्रत्येक आकड्यासमोर तारीख, वेळ आणि बाळाचं त्या दिवशीचं वय आहे. आठवडे-दिवसांसकट. माझ्या चाळीस अंदाजांपैकी एकतीस चुकले होते. अडीच तारे करते. दोन रात्रींचे पैसे कुणाकडे मागू?

पुढे काय वापरणार असं ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी: स्वयंपाकघरात २०२६ चं कॅलेंडर लावलंय, दोरीला पेन बांधलंय. आवाजासाठी फोनचा रेकॉर्डर पहिल्या पानावर आणून ठेवलाय, आयकॉन मोठा होत नाही. जमेल तसं. महिना संपला की कॅलेंडरच्या पानाचा फोटो काढायचा, मसाल्याच्या फळीवर जायच्या आधी.

हे पाठवणार एवढ्यात एक गोष्ट झाली, ती घालते. संध्याकाळी चिऊचा चेंडू सोफ्याखाली गेला. तिने वाकून पाहिलं, मग दोन्ही हात टेकले, गुडघे टेकले, आणि सरळ रांगत आत गेली. चेंडू घेऊन रांगतच उलटी बाहेर आली. दोन वर्षं दोन महिने. वर्गणीचे दोन दिवस शिल्लक होते. मी ओल्या हाताने फोन घेतला, चौकट उघडली, आजची तारीख टाकली. हिरवी. ५२ पैकी ५२. पडद्यावर रंगीत तुकडे उडाले, 'चिऊने सर्व मैलाचे दगड गाठले!' आणि ते खाली बसायच्या आत लाल पट्टी आली: 'हा टप्पा अपेक्षेपेक्षा १३ महिने उशिरा गाठला गेला आहे. कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.'

कराडहून फोन आलाय, घेते.