घरी केस रंगवायचे: कायमचा कलप, सौम्य रंग की मेंदी-नीळ?

घरी केस रंगवायचे ठरलं की बहुतेकजण डब्यावरच्या फोटोपासून सुरुवात करतात. हा रंग मला कसा दिसेल, एवढाच प्रश्न डोक्यात असतो. माझ्या मते खरा प्रश्न दोन महिन्यांनी समोर येतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे तोवर भांगात दोन सेंटीमीटरची नवी पट्टी उघडी पडलेली असते. ती कशी दिसेल, ती झाकायला दर वेळी किती खटाटोप करावा लागेल आणि कंटाळा आला तर यातून बाहेर कसं पडायचं, हे आधी बघितलं की निवड बरीच सोपी होते. 'नैसर्गिक की केमिकल' या वादात पडून ती होत नाही.

कायमचा कलप

याच्या डब्यात दोन गोष्टी येतात: रंगाची क्रीम आणि डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. केसाच्या बाहेरच्या थरावरचे खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. अमोनिया ते सैल करतो, रंगाचे लहान रेणू आत शिरतात आणि पेरॉक्साइडमुळे तिथेच एकमेकांशी जोडले जाऊन मोठे होतात. मग ते बाहेर येऊ शकत नाहीत, म्हणून हा रंग धुऊन जात नाही.

पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट होते आणि ती डब्यावर ठळक लिहिलेली नसते. पेरॉक्साइड तुमच्या केसांचा मूळ रंगही थोडा फिकट करतो. म्हणून कलप विटतो तेव्हा खालून जुने काळे केस परत येत नाहीत, तांबूस केस दिसायला लागतात. उन्हात उभं राहून टोकांकडे बघा: मुळाशी काळा, मध्ये तपकिरी आणि टोकाला तांब्याची झाक, असे तीन रंग एकाच केसावर दिसतात. ते लपवायला लोक पुन्हा सगळ्या केसांना कलप लावतात, टोकं आणखी कोरडी होतात आणि हे चक्र चालू राहतं. त्यामुळे पहिल्या वेळेनंतर फक्त मुळांना लावा. लांबी फारच विटली असेल तर शेवटची चार-पाच मिनिटं रंग खाली ओढून घ्या.

डेव्हलपरवरचे आकडे समजून घेतलेले बरे. 10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्के पेरॉक्साइड, 20 म्हणजे 6 टक्के, 30 म्हणजे 9 आणि 40 म्हणजे 12. पांढरे केस झाकायला 20 पुरतो. त्यापुढचे आकडे घरी वापरू नयेत, टाळू भाजते. सांगितल्यापेक्षा जास्त वेळ ठेवल्यानेही रंग अधिक पक्का होत नाही, केस मात्र खराब होतात.

निम्म्याहून जास्त केस पांढरे असतील आणि एकही दिसायला नको असेल, तर खात्रीने झाकणारा हाच पर्याय. त्याची किंमत म्हणजे भांगातली रेघ. गडद कलपाशेजारी उगवलेला पांढरा केस लांबूनही दिसतो, त्यामुळे दर चार ते सहा आठवड्यांनी टच-अप आलाच. ही बांधिलकी मान्य असेल तरच या वाटेला जा.

केस उजळ करायचे असतील तर गणित वेगळं. कलपाने कलप उजळत नाही. काळ्या रंगवलेल्या केसांवर तपकिरी लावला तर नवी मुळं तपकिरी होतात आणि बाकी केस काळेच राहतात. न रंगवलेल्या केसांतही टाळूच्या उबेने मुळं जास्त उजळतात, म्हणून पहिल्यांदा उजळ छटा लावताना आधी लांबीला आणि नंतर मुळांना लावायचं असतं. ब्लीच लागणार असेल, किंवा जुना काळा रंग काढायचा असेल, तर घरी प्रयोग नको. ते सरळ पार्लरचं काम आहे.

सौम्य रंग: डेमी आणि सेमी

सेमी-परमनंटमध्ये डेव्हलपर नसतोच. तयार रंग केसांवर आणि वरच्या थरात बसतो आणि सहा ते बारा धुण्यांत उतरतो. डेमीमध्ये कमी ताकदीचा डेव्हलपर असतो, रंग थोडा आत जातो आणि वीस-पंचवीस धुणी टिकतो. दोन्ही केस उजळ करत नाहीत म्हटलं तरी चालेल, फक्त रंग चढवतात.

पांढरे केस एक तृतीयांशाच्या आत असतील तर डेमी मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पांढरा केस पूर्ण झाकला जात नाही, तो बाकीच्यांपेक्षा किंचित फिकट राहतो आणि मुद्दाम काढलेल्या हायलाइटसारखा मिसळून जातो. रंग हळूहळू उतरतो म्हणून भांगात रेघ उठत नाही. छटा आवडली नाही तरी दोन-तीन महिन्यांत विषय मिटतो. पहिल्यांदाच रंगवणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, असं मी आग्रहाने सांगेन. निम्म्याहून जास्त पांढऱ्या केसांवर मात्र हा पुरा पडत नाही आणि नंतर निराशा होते.

इथे एक फसगत फार होते. 'अमोनिया-फ्री' लिहिलं की लोक तो रंग सौम्य समजतात. कित्येक कायमच्या कलपांत अमोनियाच्या जागी मोनोइथेनॉलअमाइन घातलेलं असतं. त्याला उग्र वास येत नाही, पण कामगिरी तीच आणि आतले रंगही तेच. डब्यावर 'पांढरे केस पूर्ण झाकतो' असा दावा असेल तर अमोनिया असो वा नसो, तो कायमचाच समजा.

मेंदी आणि नीळ

मेंदीतला लॉसोन हा रंग केसातल्या केराटिनला घट्ट धरतो. तो पारदर्शक असतो: पांढऱ्या केसावर नारिंगी-तांबूस उमटतो, काळ्यावर फक्त उन्हात लालसर झाक देतो. तपकिरी किंवा काळा हवा असेल तर नीळ लागते, म्हणजे इंडिगोच्या पानांची पूड. दोन्ही एकत्र कालवून तपकिरी येतो. काळा हवा असेल तर आधी मेंदी, धुऊन मग नीळ. मेंदी काही तास भिजवावी लागते. नीळ मात्र कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यावी, कारण तिचा दम लवकर संपतो. धुतल्यावर केस हिरवट दिसले तरी घाबरू नका, हवा लागून पुढच्या दोन दिवसांत रंग गडद होतो. यात सुट्टीचा अख्खा दिवस जातो, हे गृहीत धरा.

मोठा फायदा असा की यात पेरॉक्साइड नाही, त्यामुळे मूळ रंग जसाच्या तसा राहतो. नवी मुळं आली की फक्त पांढरे केस उठून दिसतात, काळ्यांना रेघ पडत नाही. पण 'नैसर्गिक आहे, नको झाली तर उतरेल' हा समज चुकीचा आहे. मेंदी जवळजवळ उतरत नाही, ती वाढवून कापावी लागते. निळीवर ब्लीच केलं तर केस हिरवे पडू शकतात. ज्याला छटा बदलत राहायची हौस आहे, त्याने या वाटेला जाऊच नये. हीदेखील दर वेळी मुळांनाच लावा, नाहीतर लांबी गडद मरून रंगाची होत जाते.

आणि 'काळी मेंदी' म्हणून मिळणारं प्रत्येक पाकीट उलटून वाचा. शुद्ध मेंदी काळी रंगत नाही. घटकांत पॅरा-फेनिलिनडायमिन, म्हणजे पीपीडी असेल, तर तो कलपच आहे. काही पुडींत धातूंचे क्षार असतात. त्यावर नंतर पेरॉक्साइडचा कलप लावला तर केस गरम होऊन तुटतात. म्हणून मेंदीवरून कलपाकडे वळण्याआधी कंगव्यात आलेले थोडे केस तयार मिश्रणात टाकून पाहा. जी6पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेंदी लावू नये, बाळांना तर नकोच.

ॲलर्जीच्या बाबतीत

पीपीडीला अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2006 सालचा 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं. कायमच्या गडद कलपांत तो किंवा त्याचा जवळचा नातलग बहुधा असतोच, डेमीतही असू शकतो. दहा वर्षं लावला आणि काही झालं नाही, याने पुढची हमी मिळत नाही. ॲलर्जी कधीही सुरू होते आणि एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. म्हणून दर वेळी 48 तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून पाहा. प्रतिक्रिया पुष्कळदा दुसऱ्या दिवशी येते, त्यामुळे अर्ध्या तासाची चाचणी निरुपयोगी. खाज, पुरळ किंवा पापण्यांना सूज दिसली तर तो रंग कायमचा बाद. कधी अंगावर काळ्या मेंदीचा टॅटू काढून फोड आले असतील, तर पीपीडीच्या वाटेला जाऊच नका. भुवया आणि पापण्यांना यातलं काहीही लावायचं नाही.

कर्करोगाबद्दल विचारणारे असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्वतःसाठी केस रंगवण्याला 'वर्गीकरण करता येत नाही' या गटात ठेवलं आहे. केशकर्तनाच्या व्यवसायात रोज होणारा संपर्क मात्र 'बहुधा कर्करोगकारक' या गटात आहे.

छटेबद्दल एवढंच, की दोन छटांत मन अडकलं तर फिकट घ्या. फिकट झालेला रंग पुढच्या वेळी गडद करता येतो, पण गडद झालेला घरी फिकट करता येत नाही. कालवलेलं उरलं तर टाकून द्या. झाकण घट्ट लावून ठेवलेल्या बाटलीत वायू साचून ती फुटू शकते.