जिप्सीच्या हेडरला घरी लाव्हा रॅप गुंडाळला, एका पावसाळ्यानंतरचा रिव्ह्यू

माझी जिप्सी २००७ ची, १२९८ सीसीचं १६ व्हॉल्व्हवालं एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनचं) इंजिन. गेल्या वर्षी तिचा बिडाचा ओरिजिनल मॅनिफोल्ड (इंजिनातला गरम धूर गोळा करून पुढे नेणारा भाग) क्रॅक झाला तेव्हा मी वर्कशॉपमधून त्याच्या जागी स्टेनलेस पाइपचा हेडर बनवून घेतला. हेडर झकास झालाय, पण जुन्या मॅनिफोल्डवर धग अडवणारा जो पत्रा असायचा तो याच्यावर बसत नाही, मग सगळी धग थेट फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर. जिप्सीला कंपनीकडून एसी कधी आलाच नाही, त्यामुळे चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाट चढून वर आलं की पायाखालचं मॅट हात ठेवता येणार नाही इतकं तापायचं. बायकोने एप्रिलमध्ये सांगून टाकलं की हे नीट झाल्याशिवाय मी या गाडीत बसणार नाही.

शेजारचे काका एसटीतून रिटायर झालेले फिटर, ते म्हणाले, "अरे अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळ, आम्ही तेच करायचो." काकांचा हात सोन्याचा आहे पण ही एक गोष्ट त्यांची मी ऐकली नाही आणि तुम्हीही कोणी सांगितलं तर ऐकू नका, ती धूळ एकदा फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

मी घेतला तो ऑनलाइन मिळणारा लाव्हा फायबरचा रोल, म्हणजे पाइपची धग अडवायला गुंडाळायची पट्टी (रॅप), २ इंच रुंद, १० मीटर, सोबत पट्टी आवळायला स्टीलचे १० टाय, साधारण १२०० रुपये, पाकिटावर धड कंपनीचं नावही नाही. याला सगळे टायटॅनियम रॅप म्हणतात पण टायटॅनियम फक्त रंगापुरतं, आत बेसाल्टचा धागा असतो. म्हणजे आपल्या सह्याद्रीचा जो काळा दगड आहे त्याच जातीचा दगड १४००-१५०० डिग्रीला वितळवून त्याचे तंतू ओढतात. पाकिटावर १००० डिग्रीच्या वरचे आकडे छापलेले असतात ते मनावर घेऊ नका, बेसाल्टचा धागा सतत सहन करतो ते साधारण ६५०-७०० डिग्रीपर्यंत, त्यापुढे तो कडक होत जाऊन त्याचा भुगा पडायला लागतो. रोजच्या चालवण्यात पाइप तेवढा तापत नाही, म्हणून माझं भागलं, टर्बोवाल्यांनी मात्र विचार करूनच घ्या.

किती लागतो हे आधी मोजा. पाव इंच ओव्हरलॅप धरला तर दीड इंची पाइपच्या एका मीटरला जवळपास ३ मीटर पट्टी जाते, दोन इंचीला पावणेचार. माझे चार पाइप मिळून दीड मीटरच्या आसपास, खाली डाउनपाइप (हेडरपासून खाली जाणारा पाइप) दोन फूट, म्हणजे १० मीटरमध्ये आरामात बसलं आणि वर दोन-अडीच मीटर उरलं.

हेडर काढूनच गुंडाळा, गाडीवर बसलेला असताना हात जात नाही आणि पट्टी ढिली राहते. स्टड गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल मारून ठेवा, मॅनिफोल्डचं गॅस्केट नवीन आणून ठेवा. पट्टी मी बादलीत अर्धा तास भिजवली, लाव्हावाल्याला भिजवायची गरज नाही असं म्हणतात पण भिजल्यावर तंतू कमी उडतात आणि बेंडवर छान बसते. कोरडी असताना मी कोपऱ्याएवढा तुकडा हातात घेऊन बघितला तर मनगटाला दिवसभर चावत होतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, ग्लोव्हज, गॉगल, मास्क, आणि पोरांना त्या दिवशी अंगणात येऊ देऊ नका.

कौलं कशी खालून वर शाकारतात तशी पट्टी खालच्या टोकाकडून वर गुंडाळत न्या, म्हणजे पाणी पडलं तरी ओव्हरलॅपच्या आत शिरत नाही, कोकणात याला फार महत्त्व आहे. फ्लँज, बोल्ट आणि ऑक्सिजन सेन्सर उघडे ठेवायचे, सेन्सरची वायर पाइपपासून लांब बांधायची. पाकिटातले टाय मात्र अगदी भिकार, दहातले तीन पक्कडीने ताणतानाच तुटले, मग हार्डवेअरवाल्याकडून स्टेनलेसच्या होज क्लिप आणल्या आणि काम झालं. टायसाठी पैसे मोजू नका, हे सरळ सांगतो.

पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर वीस-पंचवीस मिनिटं धूर येतो, वास जळक्या गोंदासारखा, घाबरू नका पण बाजूलाच उभे राहा आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. त्याआधी टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या वरच्या झाकणातून) ऑइल गळतंय का ते बघाच बघा, गळणारं ऑइल रॅपमध्ये मुरलं तर तो पेटता बोळा होतो. माझं गळत होतं म्हणून आधी ते गॅस्केट बदललं, त्यात अख्खा रविवार गेला आणि रॅप पुढच्या आठवड्यावर ढकलला.

आता फरक किती पडला. व्हिडिओत लोक टेंपरेचर गन पाइपवर धरून आधी-नंतर दाखवतात, त्यावर जाऊ नका, चकचकीत स्टेनलेसवर ती गन खूपच कमी आकडा दाखवते, म्हणजे "आधी"चा आकडाच खोटा. मी मॅट उचलून आतल्या पेंट केलेल्या पत्र्यावर एकाच जागी मोजलं, घाट चढून वर थांबल्या थांबल्या, दोन्ही वेळा दुपारी. आधी ६१ डिग्री, नंतर ४७. बायको परत गाडीत बसायला लागली. पॉवर वाढते वगैरे मला तरी काही जाणवलं नाही, अ‍ॅव्हरेजही तेच.

पावसाळा संपल्यावर खालच्या बाजूची हातभर पट्टी सोडून बघितली. पट्टी शाबूत, रंग सोनेरीचा काळपट. पण एका वेल्डिंगवर तांबूस गंज धरलाय, कारण रॅप ओला झाला की ओल पाइपला चिकटून राहते. माझ्या हेडरला लोहचुंबक चिकटतो, म्हणजे स्टेनलेस हलक्या ग्रेडचं आहे, ३०४ ग्रेडला सहसा चिकटत नाही, बनवून घेताना हे तपासायला हवं होतं. साध्या लोखंडी पाइपवर तर कोकणात रॅप मारूच नका, दोन-तीन पावसाळ्यांत पाइप आतल्या आत सडेल. आणि ओरिजिनल बिडाचा मॅनिफोल्ड असेल तर त्याचा पत्राच ठीक करून परत बसवा, रॅपमुळे बीड जास्त तापतं आणि क्रॅक जायची भीती वाढते.

पट्टीला पाचपैकी चार, टायना शून्य. तो वेल्डचा भाग घासून हाय टेंपरेचर पेंट मारलाय आणि उरलेल्या पट्टीतूनच परत गुंडाळलाय, पुढच्या वर्षी गणपतीनंतर पुन्हा सोडून बघणार आहे.