जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि जत्रेतल्या नाटकाची हस्तपत्रके : दिवाळी ते शिमगा वापरल्यानंतर

विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले तेव्हा आमचा लॅपटॉप ठणठणीत होता. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवलेली. पण विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या लेखी आमचे यंत्र भंगारात. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, पण वर्षाने पुन्हा तेच रडगाणे. म्हापशातल्या दुकानदाराने अटींना बगल देण्याचा तोडगा सुचवला, "अकरा टाकून देतो, चलता." ते "चलता" ऐकूनच मी निघालो आणि दिवाळीत विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२.२ घातले, सिनॅमन आवृत्ती. ही फुकट मिळणारी, मुक्त स्रोताची म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली प्रणाली. शिमगा होऊन गेला, अजून तेच आहे.

रोजच्या वापराबद्दल फार सांगण्यासारखे नाही, आणि हीच त्याची तारीफ. लवकर चालू होते, वायफाय आणि ब्लूटूथ पहिल्या दिवसापासून चालले. प्रिंटर मात्र नशिबाचा भाग. घरचा एचपीचा लगेच ओळखला. मंडळाच्या खोलीतला दुसऱ्या कंपनीचा लेझर प्रिंटर काही केल्या कागद बाहेर टाकीना, तिथे आम्ही पेनड्राइव्हवरून पीडीएफ छापतो. अपडेट कधी करायचे ते मी ठरवतो. तालीम ऐन रंगात असताना यंत्र आपणहून रीस्टार्ट होत नाही, एवढ्यानेही मला बरे वाटते.

माझे मुख्य काम मराठी टायपिंगचे. देवळाच्या जत्रेला आमचे मंडळ दरवर्षी नाटक करते. हस्तपत्रके, देणगीदारांची यादी, संहितेच्या प्रती हे सगळे माझ्याकडे. सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी निवडली की वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. 'दुसऱ्या'मधला र शिफ्ट आणि जे दाबून, मग डी आणि य. हात बसला की विचार करावा लागत नाही. लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे वर्डच्या जागी वापरायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, एक गोष्ट आधी करा: टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट चालू करा आणि भाषा मराठी ठेवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श हिंदी वळणाचे न दिसता आपल्या वळणाचे दिसतात. आमच्या दिग्दर्शकांना संगणकातले काही कळत नाही, पण पत्रक हातात घेताच ते म्हणाले, "ह्या खेपेला ल बरोबर आलाय." मराठी स्पेलचेक मात्र असून नसल्यासारखे, चांगल्या शब्दांखाली लाल रेघा ओढते. मी बंद करून टाकले.

खरी डोकेदुखी लिनक्सची नव्हेच. मंडळाच्या जुन्या संहिता युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांना समान अक्षरसंकेत येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही यंत्रावर, विंडोज असो की फोन, फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा. फॉन्ट मिंटमध्ये टाकला तर वाचता येते, पण शोधता येत नाही आणि व्हॉट्सअॅपवर चिकटवता येत नाही. शेवटी छापील प्रती स्कॅन करून टेसेरॅक्ट या चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला दिल्या, तोही मुक्त स्रोतातलाच. स्वच्छ छापलेले पान तो बऱ्यापैकी वाचतो, जोडाक्षरे तपासावी लागतात. सायक्लोस्टाइलच्या पानांपुढे त्याने हात टेकले, ती मुलीने बसून टाइप केली. पत्रकाची मांडणी स्क्रायबसमध्ये करतो, १.६ पासून देवनागरी नीट जुळते. आमचा डीटीपीवाला अजून पेजमेकरवर आहे. पीडीएफ दिली की तो कुरकुर करतो, पण छापतो.

आता राजकारण, कारण तालमीच्या चहाला तो विषय टळत नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांचे कारण पुढे करून मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या होत्या. भारतात चालणारी तेल कंपनी, आणि तिला स्वतःचे ईमेल परत मिळवायला दिल्ली उच्च न्यायालय गाठावे लागले. पुढे ऑक्टोबरमध्ये अमित शहांनी आपले ईमेल झोहोवर नेल्याचे जाहीर केले आणि आमच्याकडे सगळ्यांना एकदम स्वदेशीचा उमाळा आला. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी दुकानदाराने "टाकून दिलेले" विंडोज. यात पक्षभेद नाही. सरकारच्या बाजूचा आणि विरोधातला, दोघेही त्याच दुकानदाराचे गिऱ्हाईक.

झोहो चांगले आहे, भारतीय आहे, मी नावे ठेवत नाही. पण त्याचा कोड त्यांच्याच कुलपात. कंपनी चेन्नईची झाली म्हणून किल्ली माझ्या हातात येत नाही. स्वदेशी आणि मुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सरकारला हे ठाऊक नाही असे नाही: मुक्त स्रोताला प्राधान्य द्या असे केंद्राचे धोरण २०१५ पासून कागदावर आहे, सी-डॅक या केंद्राच्या संगणक संशोधन संस्थेने बॉस नावाचे लिनक्सही काढले. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात. आमच्या गोव्यात मात्र अर्जाचा नमुना अजून वर्डच्या फाइलमध्ये मिळतो, आणि लिब्रेऑफिसमध्ये उघडला की त्यातले तक्ते पानाबाहेर सांडतात. पीडीएफ ठेवायला कुणाच्या बापाचे काय जाते?

कुणी घेऊ नये तेही सांगतो. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन रोज लागत असेल तर थांबा. मेहुण्याचे टोकन खूप खटपट करूनही चालले नाही. त्याचे दुकान एकट्याच्या मालकीचे, म्हणून जीएसटीचे विवरणपत्र ओटीपीवर भरता येते. कंपनी असती तर अडला असता. फोटोशॉपवर पोट असलेल्यांनीही या वाटेला जाऊ नये, फोटोशॉपच्या जागचा मुक्त प्रोग्रॅम गिंप, पण त्याने तेवढे भागत नाही. बाकी ब्राउझर, बँक, युट्यूब, पत्रव्यवहार एवढ्यावर ज्यांचे चालते त्यांनी आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघावे, डिस्कला हात न लावता. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तोवर आमचा कीबोर्ड तरी टिकतो की नाही शंका आहे, गोव्याच्या दमट हवेने दोन कळा आत्ताच अडकायला लागल्यात.

मंडळाच्या डेस्कटॉपवरही मिंट घालावे असे मी बैठकीत सुचवले आहे. खजिनदारांना हिशेबासाठी टॅली हवे आणि ते विंडोजशिवाय सरळ चालत नाही, म्हणून विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.