जुनी विद्यार्थी-नोंद प्रणाली बदलताना: तयार ईआरपी की फ्रॅपे एज्युकेशन?

एकाच संस्थेची चार-पाच महाविद्यालयं. एक अनुदानित, दोन कायम विनाअनुदानित, एकाला जोडून कनिष्ठ महाविद्यालय, एक बी.एड.चं. आणि सगळीकडच्या कार्यालयांत पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेलं व्हिज्युअल फॉक्सप्रोचं सॉफ्टवेअर. महाराष्ट्रात अशा संस्था कमी नाहीत. तुमच्या संस्थेतही आता हे बदलायचं घाटत असेल, तर हा आढावा तुमच्यासाठी आहे. आमच्याकडे शेवटी दोन पर्याय विचारात उरले: विद्यार्थीमागे वार्षिक दर घेणारी एखाद्या कंपनीची तयार क्लाउड ईआरपी (प्रवेश, शुल्क, नोंदी असं सगळं एकत्र सांभाळणारी प्रणाली), किंवा मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही फुकट घेऊन बदलता येणारं, फ्रॅपे एज्युकेशन स्वतःच्या सर्व्हरवर. दोन्ही आम्ही खऱ्या प्रवेशांवर चालवून पाहिले.

जुनी प्रणाली टिकून राहते ती ती चालते म्हणून. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोचा पाठिंबा जानेवारी 2015 मध्ये थांबवला, तरी आजच्या विंडोजवर तो प्रोग्राम उघडतो, पावती निघते, रोल कॉल छापला जातो. त्यामुळे दर मे महिन्यात 'यंदा राहू दे' असं ठरतं. आमचं घोडं अडलं ते राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापाशी. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत ते लागू झालं आणि मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, को-करिक्युलर अशी विषयगटांची यादी प्रत्येक सत्रासाठी आली. फॉक्सप्रोच्या टेबलात 'विषय1' ते 'विषय6' असे सहा रकाने होते. त्यात हे बसणार कुठे? शिवाय ओपन इलेक्टिव्हच्या एकाच तासाला तीन शाखांची मुलं बसतात, म्हणजे 'वर्ग-तुकडी' हा जुन्या रचनेचा कणाच मोडला. त्यावर मिळवलेले क्रेडिट साठवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी, प्रत्येक विद्यार्थ्याचा देशभर एकच असणारा अपार क्रमांक. लहान डागडुजीने भागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

समर्थ या सरकारी पर्यायाबद्दल थोडक्यात. दिल्ली विद्यापीठात तयार झालेली, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या योजनेतली ही प्रणाली आता महाराष्ट्रातही दिसते. मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व नोंदणी तिच्यावर होते. चांगली गोष्ट आहे. पण तिची मांडणी विद्यापीठाच्या बाजूने सुरू होते. कनिष्ठ महाविद्यालय, संस्थेची स्वतःची शुल्क-शीर्षं, मध्यवर्ती कार्यालयाचा हिशेब हे आमचं दुखणं तिने सुटलं नसतं. विद्यापीठ सांगेल तिथे माहिती भरावीच लागते, तशी इथेही भरू. विद्यापीठाचं पोर्टल, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी, उच्च शिक्षणाचं केंद्रीय सर्वेक्षण एआयएसएचई, या सगळ्यांना लागणारी मूळ नोंद मात्र आपल्या घरात नीट असली पाहिजे. प्रश्न त्या मूळ नोंदीचा आहे.

आता तयार ईआरपी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अशा अनेक कंपन्या फिरत असतात आणि मांडणी बरीचशी सारखीच असते. तिचे गुण खरे आहेत. जूनच्या गर्दीत ऑनलाइन शुल्कभरणा पहिल्या दिवसापासून चालला. विद्यार्थ्यांचं मोबाइल अॅप तयार होतं. नॅकच्या एक्यूएआरला, म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवालाला, लागणारे प्रवर्गनिहाय, लिंगनिहाय तक्ते एका बटणावर निघायचे, आणि आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता कक्ष) समन्वयक असलेल्या मॅडम त्यावर मनापासून खूश होत्या. आमच्या कारकून मंडळींपैकी ज्यांना संगणकाची धास्ती होती, तेही आठवडाभरात पावत्या फाडायला लागले. फोन केला की कुणीतरी उचलायचं, हेही लहान सुख नाही.

फ्रॅपे एज्युकेशनचं तसं नाही. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्टमधला हा शिक्षणाचा भाग चौदाव्या आवृत्तीपासून वेगळं अॅप म्हणून काढला गेला. बसवायला माणूस लागतो, समजून घ्यायला वेळ लागतो. सुरुवातीला महाविद्यालय सोडल्याच्या मराठी दाखल्याच्या पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी चौकोन आले, कारण सर्व्हरवर देवनागरी फाँटच नव्हता. फाँट टाकल्यावर प्रश्न मिटला, पण हे तुम्हाला कुणी आपणहून सांगत नाही. 'प्रोग्राम', 'कोर्स', 'स्टुडंट ग्रुप' ही त्याची भाषा आपल्या एफवाय-एसवाय-टीवायच्या सवयीला आधी परकी वाटते. नवीन धोरणाला मात्र तीच जास्त मानवते, कारण तिथे विद्यार्थी वर्गाला बांधलेला नसून कोर्सना जोडलेला असतो.

इथपर्यंत पारडं तयार ईआरपीकडे झुकलेलं होतं. संस्थेच्या सचिवांचाही कल तिकडेच होता. ते फिरलं एका गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट म्हणजे नावातली दुरुस्ती.

जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची कायमची नोंदवही, ज्यांनी हाताळलंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. नोंद खोडायची नाही. मूळ अक्षरं वाचता येतील अशी एकच रेघ मारायची, वर लाल शाईने दुरुस्ती, शेजारी प्राचार्यांची सही आणि तारीख, शेऱ्याच्या रकान्यात आधार: राजपत्र असेल तर त्याचा दिनांक. दाखल्याच्या माथ्यावरच छापलेलं असतं की दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याखेरीज कुणी यात फेरफार करू नये. हे दफ्तर पिढ्यांना पुरतं. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरं कपाटांतून बाहेर आली, ती कशासाठी, हे सगळ्यांनी पाहिलं. जात पडताळणीसाठी आजोबांच्या नोंदीचा उतारा मागायला आजही माणसं येतात.

तयार ईआरपीत काय झालं ते सांगतो. अपारसाठी नाव आधारशी जुळावं लागतं. एका विद्यार्थ्याचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर 'डी' ने सुरू होणाऱ्या स्पेलिंगमध्ये ज्ञानेश्वर, आणि आधारवर 'जी' ने. असे विद्यार्थी दर वर्गात सापडतात. तो खिडकीवर आला, कारकुनाने अपार अडायला नको म्हणून नावाच्या चौकटीत स्पेलिंग बदललं. चौकट एकच होती. काही महिन्यांनी शैक्षणिक कर्जासाठी बँकेने त्याच्या बोनाफाईडची पडताळणी मागितली. आम्ही जावक क्रमांक टाकून ते प्रमाणपत्र उघडलं, तर क्रमांक तोच, तारीख तीच, पण नाव नवीन. बँकेकडच्या कागदावर जुनं. प्रणालीने प्रमाणपत्र जपून ठेवलेलंच नव्हतं. दर वेळी ती आजची माहिती घेऊन ते नव्याने छापत होती. पावत्यांचंही तेच, दाखल्याचंही तेच.

कंपनीला विचारलं. आधी काय होतं आणि कुणी बदललं याची नोंद आमच्या सर्व्हरवर आहे, विनंती पाठवा, आम्ही काढून देऊ, असं उत्तर आलं. दिलीही, काही दिवसांनी. माणसं सौजन्याने वागली, त्याबद्दल तक्रार नाही. पण बँकेच्या पत्राला उत्तर देताना प्राचार्यांनी स्वतःच्या महाविद्यालयाच्या नोंदीसाठी दुसऱ्याकडे अर्ज करायचा, हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. सगळ्याच कंपन्यांचं असं असेल असं म्हणणं नाही. कुणी वेगळी सोय केलीही असेल. तुम्ही तपासून घ्या.

फ्रॅपेत हीच गोष्ट करून पाहिली. विद्यार्थ्याच्या नोंदीत काहीही बदललं की त्याच पानाच्या खाली ओळ उमटते: कोणत्या चौकटीत, काय होतं, काय झालं, कुणी, कधी. ती पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. दाखला हा वेगळा दस्तऐवज म्हणून आमच्या तरुण प्रोग्रामरने बनवला, पण त्यामागचा नियम फ्रॅपेचाच आहे: एकदा 'सबमिट' केला की त्यातलं अक्षर हलत नाही. विद्यार्थ्याच्या मूळ नोंदीत नंतर काही बदललं तरी दिलेला दाखला दिला होता तसाच राहतो. चुकला असेल तर रद्द करायचा आणि सुधारित काढायचा. सुधारित प्रतीच्या क्रमांकाला मागे '-1' लागतो आणि रद्द झालेली प्रत तिथेच दिसत राहते. रजिस्टरमध्ये लाल शाई जे काम करते, ते इथे आपोआप होतं. आमच्या सर्वांत जुन्या हेडक्लार्कबाईंनी ते पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "हे चालेल."

चौकटी वाढवणं हाही त्यातलाच भाग. आम्ही नावासाठी तीन चौकटी केल्या: गुणपत्रिकेप्रमाणे, आधारप्रमाणे, आणि देवनागरीत. आईचं नाव स्वतंत्र. दाखल्यावर फक्त पहिलं आणि देवनागरीतलं जातं, अपारच्या यादीत दुसरं. यासाठी कोड लिहावा लागला नाही, फॉर्ममध्ये चौकट वाढवली आणि झालं. राज्य सरकारने 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरवलाय. ती मुलं महाविद्यालयात यायला अवकाश आहे, पण तोवर नावांच्या किती तऱ्हा येतील कुणी सांगावं! तयार ईआरपीत नवीन चौकट म्हणजे 'पुढच्या आवृत्तीत विचार करू'.

जुना डेटा हलवणं दोन्हीकडे सारखंच जिकिरीचं आहे, आणि विक्रेते ते नेहमी कमी लेखतात. इंग्रजीतली नावं, जन्मतारखा ठीक येतात. फक्त दोन अंकी वर्षं चार अंकी करताना डोळ्यात तेल घालून पाहा, निवृत्त प्राध्यापकांच्या पिढीतले विद्यार्थी अचानक विसाव्याऐवजी एकविसाव्या शतकात जन्मतात. खरा त्रास मराठी नावांचा. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली ती नावं फाँट काढला की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतात. रूपांतरकांनी साधी नावं नीट आणली. पण बऱ्हाटे, कुऱ्हाडे, गोऱ्हे, सूर्यवंशी ही आडनावं जवळजवळ हमखास बिघडली: 'ऱ्ह' तुटला, रफार शेजारच्या अक्षरावर गेला, पहिली वेलांटी एक घर पुढे सरकली. यावर उपाय एकच निघाला. अशी अक्षरं असलेल्या नोंदी वेगळ्या काढून दोघांनी मिळून वाचायच्या, एकाने रजिस्टरमधून, दुसऱ्याने पडद्यावरून. कंपनीने हे काम आमच्यावरच सोपवलं होतं, फ्रॅपेतही आम्हीच केलं. फरक इतकाच, की फ्रॅपेत चुकलेली फाइल पुन्हा स्वतः चढवता येते.

शुल्काच्या बाबतीत तयार ईआरपी उजवी आहे, हे मान्य करायला हवं. पात्रता शुल्क, अश्वमेध, ई-सुविधा, जिमखाना, ग्रंथालय अनामत ही शीर्षं तिला पाठ होती. शिष्यवृत्तीधारकाकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क न घेता ते शासनाकडून येणे दाखवायचं, महाडीबीटीचे हप्ते आले की जुळवायचे, हेही तिच्यात तयार होतं. फ्रॅपेत ते आम्हाला बांधून घ्यावं लागलं, आणि पहिल्या वर्षीच्या लेखापरीक्षणात लेखापालांनी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवूनच विश्वास ठेवला. तुमचा मुख्य त्रास शुल्क आणि शिष्यवृत्तीचाच असेल, तर हा मुद्दा हलका समजू नका.

खर्चाचं गणित संस्थेगणिक बदलतं. फ्रॅपेला परवान्याचे पैसे नाहीत, पण सर्व्हर, रोजची बॅकअप आणि एक माणूस यांचे आहेत. त्या माणसाचा प्रश्न मी टाळणार नाही. आमचा फॉक्सप्रोवाला निघून गेला तेव्हा कुणालाच काही उघडता येत नव्हतं, तसंच पुन्हा झालं तर? आमचं उत्तर असं: बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या विभागातल्या दोन शिक्षकांना सुरुवातीपासून सोबत घेतलं, आणि पायथॉन व मारियाडीबी (फ्रॅपेची भाषा आणि डेटाबेस) जाणणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो. ज्या संस्थेत संगणकशास्त्राचा विभागच नाही, किंवा एकच छोटं महाविद्यालय आहे, तिने तयार ईआरपी घ्यावी असंच मी सांगेन. तिथे ही जोखीम झेपणार नाही.

तयार ईआरपी घेतलीच, तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या. करार संपल्यावर सगळा डेटा, टेबलांचे आपसांतले दुवे तुटू न देता, परत मिळेल. वर्गवार एक्सेलच्या पानांना डेटा परत देणं म्हणत नाहीत. उत्तीर्ण होऊन गेलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी पाहायला वेगळे पैसे पडणार नाहीत. आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली कुणाची काय जबाबदारी, ते शब्दांत असेल. मुलांचे आधार आणि जातीचे दाखले त्यात आहेत.

डेमोच्या वेळी डॅशबोर्ड पाहत बसू नका. एका विद्यार्थ्याला बोनाफाईड द्यायला सांगा. मग त्याचं नाव बदला. मग आधीचं बोनाफाईड त्याच जावक क्रमांकाने पुन्हा उघडायला सांगा, आणि नाव कुणी, कधी बदललं ते तिथल्या तिथे दाखवायला सांगा. विक्रेत्याला हे पाच मिनिटांत जमलं, तर बाकीच्या उणिवा सोसता येतील.

बदल करायचा तो जूनमध्ये नको. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जुन्या नोंदी हलवल्या आणि पुढच्या जूनला फक्त प्रथम वर्षाचे प्रवेश नव्या प्रणालीत घेतले. वरचे वर्ग जुन्यातच पुढे सरकू दिले. जनरल रजिस्टर अजूनही वर्षाअखेर छापून, बांधून, प्राचार्यांच्या सहीने कपाटात जातं. फॉक्सप्रोचा एक संगणक इंटरनेटपासून तोडून, केवळ पाहण्यापुरता, चालू ठेवलाय, आणि शेवटची फॉक्सप्रो तुकडी बाहेर पडल्यावरही तो काही वर्षं तसाच राहू द्यावा असं माझं मत आहे.