नवा कचऱ्याचा डबा: पाचपैकी साडेतीन

कॅलिफोर्नियातल्या आमच्या गावात नगरपालिकेने भेगाळलेले जुने डबे अखेर बदलून दिले. नवा डबा ९६ गॅलनचा, म्हणजे साधारण ३६३ लिटर.

खरेदीची पद्धत मला पटली. स्वतःची निविदा काढत बसण्याऐवजी पालिकेने मिनेसोटातल्या सोर्सवेल या सरकारी संस्थेच्या करारावर माल घेतला. निविदा, छाननी, दर सगळं तिथे आधीच झालेलं. सभासद गावांनी त्याच अटींवर खरेदी करायची. पुण्यात शेजारच्या सोसायटीचा रंगारी ठरलेल्या भावात आम्हीही बोलवायचो, तसंच हे.

डबा कसा आहे? चाकं मस्त. उताराच्या ड्राइव्हवेवरून भरलेला डबा मी एका हाताने आणते, गुडघे दुखत असूनही. ट्रकचा यांत्रिक हात तो नीट पकडतो, मात्र दोन डब्यांत अंतर ठेवा. रंग राखाडी, कारण राज्याच्या नियमानुसार निळा पुनर्वापराचा आणि हिरवा ओल्या कचऱ्याचा. जुन्या रंगाचे डबे निकामी झाल्यावर, नाहीतर २०३६ पर्यंत बदलायचेच आहेत.

अर्धा तारा झाकणाने घालवला. उन्हात कडेला वाकलंय, आणि त्या फटीतून रॅकून हात घालतात! उरलेला एक उंचीचा. माझ्यासारख्या पाच फुटी बाईने तळ धुवायचा म्हणजे डबा आडवा पाडून आत शिरायचं. घरात दोघंच असाल तर ६४ गॅलनचा मागा, मिळतो. आम्ही अर्ज टाकलाय.